महिपत उतरला नाही

तेलंगणातल्या बोथच्या आसपासच्या खेड्यांत विहिरीत काही पडलं, की महिपतला बोलवत. बादली पडो, मोटर पडो, म्हशीचं पारडू पडो, नाहीतर माणूस. तो सायकलवर नाडा, म्हणजे जाड दोर, गुंडाळून यायचा, चपला काठावर काढायचा आणि कंदील लावून दोरीनं खाली सोडायचा. कंदील विझला, तर महिपत उतरत नसे. मग निंबाचा डगाळ, पानांसकट मोठी फांदी, दोराला बांधून विहिरीत वरखाली हलवायचा, वरून पाणी ओतायला लावायचा आणि हवा फिरली की पुन्हा कंदील सोडायचा. लोकांना हे ठाऊक होतं. कोणी घाई केली तर म्हातारी माणसंच त्याला गप्प करत.

महिपत मुळात विहीर खोदणारा. स्वतःची थोडी जमीन होती, त्यात वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचा आणि वच्छलाबाई, त्याची बायको, ते बोथच्या बाजारात विकायची. पण तरुणपणी त्यानं हातात सब्बल धरून खोलखोल विहिरी पाडल्या होत्या. अशाच एका विहिरीत कड ढासळली. महिपत आणि त्याचा जोडीदार दोघेही खाली होते. माती येताना दिसली तेव्हा महिपतनं दोन्ही हात छातीसमोर आडवे धरले. का धरले, ते त्याला कधी सांगता आलं नाही. पण त्या हातांमुळे छातीपुढं वीतभर जागा राहिली आणि गळ्यापर्यंत गाडला जाऊनही त्याला श्वास घेता आला. जोडीदार पूर्ण मातीखाली होता, फक्त त्याचा पंजा महिपतच्या गालाजवळ बाहेर राहिला होता. महिपतचे हात अडकलेले. त्यामुळे तो त्या पंजाला गाल लावून राहिला आणि बोटं हलायची थांबली ते त्याला गालावर कळलं. वरच्यांनी टोपल्याटोपल्यानं माती उपसून त्याला काढलं.

त्यानंतर एखाद्यानं विहिरीचं तोंडही पाहिलं नसतं. महिपतनं खोदणं सोडलं, पण उतरणं धरलं. वच्छलाबाईनं पुष्कळदा विचारलं, काऊन जाता म्हणून. तो म्हणायचा, खाली कोणी आहे असं ऐकलं की घरी बसवत नाही.

पुढं कितीतरी वर्षं असंच चाललं. त्यानं काढलेल्यांत जिवंत थोडे, मेलेले जास्त. तरी गावात त्याला मान होता. लग्नकार्यात त्याला पुढं बसवत, पंगतीत आग्रह करत. ते सगळं एका वैशाखात संपलं.

त्याच्या वांग्याच्या वावराला लागून देवानंदचं वावर होतं. देवानंद, त्याची बायको सुनयना आणि धाकटा भाऊ पियुष, एवढंच घर. आईबाप नव्हते, मामा मारोतराव जवळच राहायचे आणि बापाच्या जागी होते. त्या उन्हाळ्यात देवानंदच्या विहिरीत गाळ साचून मोटर जळाली. गाळ काढायचा तर आधी पाणी उपसायला हवं. पाणी इतकं खोल होतं की वरून ओढलं जाईना, म्हणून त्यांनी डिझेलचं इंजिन दोरांनी खाली उतरवून मधल्या टप्प्यावर ठेवलं. सकाळभर ते चाललं. दुपारी आपोआप बंद पडलं.

देवानंद ते सुरू करायला लोखंडी कड्यांवरून खाली गेला. टप्प्यावर पोचला आणि चालून दमलेला माणूस बसतो तसा बसला. मग बसल्या जागेवरून घसरून गाळात गेला. मारोतरावांनी वरून हाका मारल्या. उत्तर आलं नाही, तेव्हा ते लगोलग उतरले. गडी आडदांड होता, धान्याचं पोतं एकटा पाठीवर घ्यायचा. त्यांनी गाळात उतरून भाच्याला बगलेत धरलं, वर पाहिलं, आणि त्याच्याच खांद्यावर डोकं टेकवलं. वर उभ्या मजुरांना वाटलं, दम घेताहेत. पण ते डोकं पुन्हा वर झालंच नाही.

मजुरांच्या ओरडण्यानं महिपत वांग्यातून धावत आला. पियुष त्याच वेळी डिझेल घेऊन गावातून परत आला होता. काय झालं ते कळताच त्यानं डबा टाकला आणि पहिल्या कडीवर पाय ठेवला. महिपतनं मागून त्याची कॉलर धरली.

"सोडा काका. माहा भाऊ हाये खाली."

"तू गेला तं तीन होतीन."

पियुष ऐकेना. महिपतनं त्याला ओढून बाहेर काढलं, तेव्हा त्यानं महिपतच्या मनगटाला चावा घेतला. शेवटी दोघा मजुरांच्या मदतीनं त्याला बैलगाडीच्या चाकाला दोरानं बांधावं लागलं. तो मामाला आणि भावाला हाका मारत राहिला.

महिपतनं आपल्या वावरातून नाडा आणि कंदील मागवला आणि कंदील खाली सोडला. सगळे काठावर वाकून पाहत होते. कंदील मधल्या टप्प्याच्या खाली गेला, गाळाच्या जवळ गेला. तो विझला नाही. वात जरा मंद झाली, पण जळत राहिली. आता महिपत उतरणार, असं सगळ्यांना वाटलं. एकानं नाडा त्याच्या कमरेला बांधायला हातही पुढं केला.

महिपत उतरला नाही. त्यानं कंदील वर ओढला आणि एकाला सांगितलं, देवानंदच्या घरून एक कोंबडी आण, अन् उफणायचा पंखा आण, अन् कापूस झाकायचं लांब प्लास्टिक आण.

"दिवा तं जळून राह्यला," कोणीतरी म्हणालं. "आता काऊन थांबता?"

कोंबडी आली, त्याबरोबर सुनयनाही आली. ती अनवाणी आली होती. तिनं खाली पाहिलं. नवऱ्याचा पांढरा बनियन गाळात ओळखू येत होता. महिपत त्या वेळी कोंबडी टोपलीत बांधत होता. टोपली खाली गेली. थोडा वेळ फडफड ऐकू आली, मग बंद झाली. वर ओढली तेव्हा कोंबडीची मान टोपलीच्या कडेवरून लोंबत होती.

"पहा," महिपत म्हणाला. पण सुनयना कोंबडीकडे पाहत नव्हती.

त्यानं स्टार्टरच्या डब्यातून वायर घेऊन पंखा काठावर लावला, प्लास्टिकची लांब नळी करून पंख्याला बांधली आणि ती खाली सोडून हवा भरायला लागला. तोवर गळ टाकून पाहिला. गळ मारोतरावांच्या धोतरात अडकला, ओढताच धोतर फाटलं. लोक वाढत गेले. कोणी म्हणालं, अग्निशामकवाल्यांना फोन केला आहे, आदिलाबादवरून गाडी निघाली. कोणी म्हणालं, याच्यापेक्षा आमीच उतरतो. पण उतरलं कोणीच नाही. पियुष चाकाजवळ आता हाका मारत नव्हता, नुसता हुंदके देत होता.

दुसरी कोंबडी बराच वेळ खाली ठेवूनही फडफडत वर आली. तेव्हा महिपतनं नाडा कमरेला बांधला आणि उतरला.

देवानंदच्या मानेला हात लावला तर ती गरम होती. छाती मध्येच एकदा हलायची. वरून उलटी बाज सोडली होती, तिच्यावर त्याला बांधून महिपतनं वर पाठवलं. मग मारोतरावांना बांधलं. ते गेलेले होते. महिपत वर आला तेव्हा १०८ ची गाडी देवानंदला घेऊन बांधावरून निघाली होती, सुनयना आत बसली होती. गुडीहत्नूरच्या पुढं, महामार्गावर, देवानंदचा श्वास थांबला. गाडी तशीच जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत गेली.

पंचनामा झाला. पोस्टमॉर्टम करणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, इंजिनच्या धुरातलं विष होतं. त्याला वास नसतो आणि दिवाही विझत नाही. जो उतरला असता तो गेला असता. हे गावात सगळ्यांनी ऐकलं. ऐकून पुढं कोणी म्हणालं, डॉक्टर काही काठावर उभा नव्हता. देवानंद वर आला तेव्हा जिवंत होता, हे मात्र सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

तेराव्याला महिपत देवानंदच्या घरी गेला. मांडवात माणसं बसली होती. सुनयना आतून बाहेर आली, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सगळ्यांसमोर बोलली. आवाज चढवला नाही.

"काकाजी, ते जिते होते. तुमी कोंबड्या सोडत बसले."

महिपत तसाच उठला आणि घरी आला.

त्या वाक्याचं गावानं नाव केलं. पोरं त्याला कोंबडीवाला म्हणायला लागली. आधी पाठीमागं, मग तोंडावर. लग्नाच्या पंगतीत त्याला पुढं बसवायचं बंद झालं. वच्छलाबाईच्या पाटीतली वांगी गावातल्या बाया घेईनात. बोथच्या बाजारात मात्र विकली जायची, तिथं कोणाला हे ठाऊक नव्हतं. आजूबाजूच्या खेड्यांतून बोलावणी येईनाशी झाली. नाडा घरात खुंटीला राहिला.

महिपतनं कोणाशी वाद घातला नाही. डॉक्टर काय म्हणाले, तेही त्यानं कधी पुढं केलं नाही. वच्छलाबाईला त्याचं नवल वाटायचं. पावसाळा सरता सरता, मिरचीला खत घालताना, तिनं एकदा स्पष्टच म्हटलं, की तुम्हाला इंजिनचं समजलं होतं, तर तसं चार लोकांत सांगत का नाही.

महिपतनं हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"मले काही समजलं नव्हतं," तो म्हणाला. "दिवा जळत होता. मी उतराले पाह्यजे होतं. पन त्या मामानं भाच्याच्या खांद्यावर डोकं ठेवलेलं पाह्यलं, अन् माह्ये पायच उठले नाई. भेव वाटलं मले, वच्छला. कोंबडी मंग सुचली."

वच्छलाबाईनं एका रोपाच्या बुडाशी माती ओढली. मग म्हणाली, "भेवानं वाचले तं वाचले. मले इधवा करून तुमी शूर होनार होते काय?" आणि खत घालायला लागली. हे तिनं पुढं कोणाला सांगितलं नाही.

इकडे पियुषचं वेगळंच चाललं होतं. ज्याला चाकाला बांधून वाचवलं, त्याला गाव काय म्हणत होतं ते महिपतला उशिरा कळलं. भाऊ खाली होता अन् हा वर उभा होता, असं लोक म्हणायचे. बांधलेला होता, हे सांगणाऱ्याच्या तोंडून हळूहळू गळून जायचं. पियुषचं जमलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांनी कारण दिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यापासून तो विहिरीत उतरायला लागला. कोणाचीही, कुठलीही विहीर. ना नाडा, ना कंदील. मोटर पडली की हा कड्यांवरून सरसर खाली. इचोड्याकडे एक बाई पडली होती, तिला त्यानं पाठीवर घेऊन वर आणलं, ती जगली. तेव्हापासून त्याचं नाव झालं. बोलावणी आता त्याला यायची. प्रीती नावाची आदिलाबादची एक मुलगी मोबाईलवर बातम्यांचं चॅनल चालवायची. ती जिल्ह्यातल्या धाडसी माणसांच्या मुलाखती घेत होती. गावात येऊन तिनं विचारलं, तेव्हा लोकांनी तिला पियुषकडे नेलं. तिनं मराठीत आणि तेलुगूत प्रश्न विचारले. भीती वाटत नाही का, म्हणून विचारलं. पियुष म्हणाला, भेव तर मेलेल्यांना वाटत नाही. प्रीतीला ते फार आवडलं. मग तिनं त्याला एका पडक्या विहिरीत उतरायला सांगितलं आणि मोबाईल धरून उभी राहिली.

तो व्हिडिओ गावभर फिरला. सुनयनानंही पाहिला. ती आता अंगणवाडीत आयाचं काम करायची आणि दीर-भावजय एकाच घरात, एकमेकांशी कामापुरतं बोलत राहायची. व्हिडिओ पाहिला त्याच संध्याकाळी ती महिपतच्या दारात आली. देवानंद गेल्यापासून त्या दारात तिनं पाऊल टाकलं नव्हतं. वच्छलाबाईनं पाणी दिलं. ते तिनं घेतलं नाही.

"तो जीव द्याले उतरून राह्यला, काकाजी," ती म्हणाली. "धाडस नाई ते. मले दिसते."

तिनं खुंटीवरच्या नाड्याकडे पाहिलं.

"तुमी त्याले एकदा बांधलं होतं. आता अजून एकदा बांधा."

"माह्यं आयकन काय तो?"

"नाई आयकनार. तरी जा."

ती गेली. दुसऱ्या दिवशी महिपत पियुषला वावरात जाऊन भेटला. पियुष पऱ्हाटीच्या, वाळल्या कपाशीच्या, काड्या उपटत होता. महिपतनं एवढंच सांगितलं, की उतर, पण नाडा बांधून उतर, वर मी धरीन. पियुषनं काड्यांचा भारा खाली टाकला. तो म्हणाला, तुम्ही मला त्या दिवशी वाचवलं असं तुम्हाला वाटतं, पण तिथून मी रोज थोडाथोडा मरतोय. माझ्या वाटेला पुन्हा आलात तर वय पाहणार नाही. महिपत परत फिरला. पण खुंटीवरचा नाडा त्यानं उतरवला, उन्हात टाकला आणि कुजलेला भाग कापून काढला.

त्यानंतर काही आठवड्यांतच गुडीहत्नूरच्या अलीकडून फोन आला. वापरात नसलेली जुनी विहीर, बकरीमागं गेलेला एक माणूस आत पडला होता. पियुष मोटरसायकल काढून निघाला. सुनयना वच्छलाबाईकडे धावत गेली आणि वच्छलाबाईनं वांग्यातून नवऱ्याला हाक मारली. नाडा घेऊन, जाणाऱ्या एका ऑटोत बसून महिपत तिथं पोचला, तेव्हा पियुष शर्ट काढून काठावर उभा होता. विहिरीवर झाडोरा इतका वाढला होता की तळ दिसत नव्हता. कुजलेल्या पाल्याचा वास येत होता. खालून आवाज नव्हता.

महिपत त्याच्याजवळ गेला आणि न बोलता त्याच्या कमरेला नाडा बांधायला लागला. लोक पाहत होते. पियुषचे हात एकदा वर आले, नाडा सोडायला नाहीतर महिपतला ढकलायला. मग खाली गेले. महिपतनं गाठ घट्ट केली, नाड्याचं दुसरं टोक स्वतःच्या खांद्यावरून घेऊन एका बाभळीच्या बुंध्याला वेढा दिला. कंदील आणायला वेळ मिळाला नव्हता. थांब जरासा, असं तो म्हणाला, पण पियुष तोवर उतरला होता.

झाडोऱ्याच्या खाली तो दिसेनासा झाला. नाडा सरकत होता, सरकत होता, आणि मग सरकायचा थांबला. महिपतनं हाक मारली नाही. थेट ओढायला लागला. नाडा जड झाला होता. जवळचे लोक काय झालं ते समजेपर्यंत नुसते पाहत होते, महिपत एकटा ओढत होता, आणि त्याच वेळी त्याच्या खांद्यातून कसलासा आवाज आला. तरी त्यानं सोडला नाही. मग बाकीचे धावले.

पियुष काठावर आला तो पोत्यासारखा. ओठ निळे पडले होते. महिपतनं एका हातानं त्याला कुशीवर वळवलं, तोंडातला फेस काढला, पाठीवर थापट्या मारल्या. दुसरा हात लटकतच होता. पुष्कळ वेळानं पियुष ओकला, खोकला, त्यानं डोळे उघडले. खालचा माणूस नंतर अग्निशामकवाल्यांनी तोंडाला हवेच्या नळकांड्या लावून काढला. तो केव्हाच गेला होता. त्याची बायको काठावर बसून होती, पण ती कोणालाच काही म्हणाली नाही.

पियुष झाडाला टेकून बसला. महिपत त्याच्या शेजारी, खांदा दाबून धरून. मग पियुष बोलला.

"खाली काहीच वाटत नाई, काका. दम कोंडत नाई. भेव बी नाई वाटत. नुसती झोप येते."

महिपतनं त्याचा शर्ट उचलून त्याच्या खांद्यावर टाकला.

"दादाले बी असंच वाटलं असन," पियुष म्हणाला. मग तो रडला. भाऊ गेल्यापासून तो रडलेला कोणी पाहिला नव्हता.

महिपतचा खांदा नीट बसला नाही. हाड जोडणाऱ्याकडे गेला, मग दवाखान्यातही गेला, पण हात खांद्याच्या वर जात नाही. वांग्याची पाटी डोक्यावर ठेवायला वच्छलाबाईला आता शेजारणीची मदत लागते. गुडीहत्नूरकडची गोष्ट गावात कळली. कोंबडीवाला हे नाव त्यानंतर थोडं कमी झालं, गेलं नाही. पंगतीत कोणी त्याला पुढं बोलावलं नाही आणि तोही गेला नाही.

पियुष अजून विहिरीत उतरतो. नाडा बांधून उतरतो, आणि वर धरायला दोन गडी सोबत नेतो. कुठं जायचं झालं की आधी महिपतच्या वावराच्या बांधावर येऊन उभा राहतो. विहीर कशी आहे, किती जुनी, आत काय चाललं होतं, हे सांगतो. महिपत विचारतो, ऐकतो, जा म्हणतो नाहीतर थांब म्हणतो. थांब म्हटलं तर पियुष थांबतो, मग समोरून फोनवर कोणी कितीही शिव्या देवो. एवढं सोडलं तर दोघांचं बोलणं नाही. तो महिपतच्या घरात येत नाही, पाणी मागत नाही.

सुनयनानं तेराव्याला जे म्हटलं होतं, ते परत घेतलं नाही. दिवाळीच्या आधी ती एकदा रस्त्यात वच्छलाबाईला भेटली. पाटीत पाहून तिनं वांग्यांचा भाव विचारला, अर्धा किलो घेतली, पदरात बांधली आणि अंगणवाडीकडे निघून गेली. वच्छलाबाईनं हे घरी सांगितलं. महिपतनं ऐकलं आणि पाण्याचा पाट दुसऱ्या सरीत वळवायला उठला.